बंद जिनिंगच्या जागेवर क्रीडा संकुल झालं तर लाईनपारची वस्ती उठून उभी राहील का?

काळी_माती

राम राम मंडळी,

आमचं तालुक्याचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जागेचा निर्णय व्हायचा आहे आणि त्यावरून गावात आधीच दोन गट पडले आहेत. शकुंतलेचे, म्हणजे जुन्या छोट्या रेल्वेचे, रूळ गावाच्या मधोमध गेलेले. रुळांच्या अलीकडे बसस्टँड, तहसील, बँका, कापडाची दुकानं. पलीकडच्या भागाला सगळे 'लाईनपार' म्हणतात.

माझ्या लहानपणी लाईनपार हाच गावाचा जीव होता. दसरा झाला की कापसाच्या बंड्यांची (बैलगाड्यांची) रांग जिनिंगच्या गेटापासून थेट नाल्यापर्यंत लागायची. रेचे, म्हणजे कापसातून सरकी काढायची यंत्रं, रात्रभर चालायचे, भोंगा वाजला की बाया चुलीवर भाकर टाकायच्या. रांगेत मुक्कामाला पडलेल्या शेतकऱ्यांवर दहा-बारा हॉटेलं जगायची. मग जिनिंग बंद पडलं, पुढं गाडीही बंद झाली. आता तिथं रस्त्याला दिवे नाहीत, नालीचं पाणी रस्त्यावर येतं, आणि सोयरीक जुळवताना घर लाईनपार आहे हे लोक सगळ्यात शेवटी सांगतात.

तालुका क्रीडा संकुलासाठी सध्या दोन जागांची चर्चा आहे. एक बायपासवरची ई-क्लास (सरकारी) जमीन, गावापासून पाच किलोमीटर, मोकळी आणि सपाट. दुसरी बंद जिनिंगचं आवार. साधारण सहा एकर, अर्धी पडलेली भिंत, बाभळीचं रान, टिनाची दोन मोठी शेडं, एक बांधीव विहीर.

मला मनापासून वाटतं की संकुल जिनिंगच्याच जागेत व्हावं, म्हणजे लाईनपारला पुन्हा माणसांची ये-जा सुरू होईल. पण वाटणं वेगळं आणि होणं वेगळं. मैदानामुळं पडकी वस्ती सुधारलेली कोणी पाहिली आहे का? आणि सुधारायची असेल तर मैदानाबरोबर आणखी काय लागतं?

पोट्टा_वणीचा

दादा, बाकी सारं मांगून पाहू. पयले हे सांगा का संकुलाची किल्ली कोनापाशी राहीन?

आमच्या इकडं एक संकुल झालं. गेट मजबूत, कुलूप त्याहून मजबूत. पोट्टे भिंतीवरून उड्या मारून आत जातेत. एकाचा पाय मोडला तं भिंत आनखी उंच केली. किल्ली ज्या सायबाकडं होती थे जिल्ह्याच्या गावी राहत. आता आत कमरेएवढं गवत हाय, अन् पोट्टे रोडवरच खेळून राह्यले.

नागपूरकर_जुना

काळी_माती, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या नागपुरातच आहे, आणि ते दोन्ही बाजूंचं आहे.

जुनं व्हीसीए, म्हणजे विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं, मैदान सिव्हिल लाईन्समध्ये. 1969 साली न्यूझीलंडविरुद्ध तिथं पहिली कसोटी झाली. आम्ही सीताबर्डीवरून पायी जायचो. 31 ऑक्टोबर 1987 ला विश्वचषकात चेतन शर्मानं हॅटट्रिक घेतली आणि गावसकरनं एकदिवसीय कारकिर्दीतलं एकमेव शतक ठोकलं. मॅच सुटली की सदरपासून बर्डीपर्यंत पाय ठेवायला जागा नसायची. पोहेवाले, रसवंतीवाले, सायकल स्टँडवाले, सगळ्यांचे गल्ले भरायचे.

जामठ्याचं स्टेडियम 2008 साली सुरू झालं. सुमारे 45 हजार प्रेक्षक बसतात. गांगुलीची शेवटची कसोटी तिथंच झाली. देखणं आहे, अभिमान वाटतो. पण शहरापासून पंधरा किलोमीटरच्या वर, वर्धा रोडला. आंतरराष्ट्रीय सामना वर्षात एखाद-दुसरा. लोक गाडीनं जातात, मॅच बघतात, गाडीनं परत येतात. त्या पट्ट्यात आज जी वर्दळ आहे ती मिहानचा उद्योग प्रकल्प, कर्करोगाचं मोठं रुग्णालय आणि लेआउट यांच्यामुळं आहे. मॅचच्या रात्री जामठा गावातल्या चहावाल्याकडं थांबायला कोणाला वेळ नसतो, सगळ्यांना ट्रॅफिकमधून बाहेर पडायची घाई.

म्हणून माझं मत साफ आहे. मैदान पायी जाता येईल अशा ठिकाणी हवं.

निंबाची_सावली

मी वर्धा जिल्ह्यातली. शाळेत असताना कबड्डी खेळायचे, जिल्ह्यापर्यंत गेले. सरावाचं मैदान चांगलं होतं, सर जीव तोडून शिकवायचे. पण मैदानावर संडास नव्हता. आम्ही बारा मुली दुपारपासून पाणी प्यायचो नाही. एप्रिलमध्ये, विदर्भाच्या उन्हात. दोघी चक्कर येऊन पडल्या. एकीला मूतखड्याचा त्रास झाला आणि तिच्या आईनं खेळ बंद केला. आमच्यापेक्षा चांगली चढाई ती करायची.

मोठमोठे स्टँड, स्वागत कमान, नामफलक, हे सगळं मागाहून करा. दार आणि कडी असलेला, नळाला पाणी असलेला, दिवा असलेला मुलींचा संडास आणि कपडे बदलायची खोली आधी करा. ज्या मैदानावर मुली येतात त्याच्या आसपास आया येतात, बहिणी येतात, संध्याकाळी लहान लेकरं येतात. मग चणे-फुटाणेवाला आपोआप येतो. वस्तीत माणसं वाढायची असतील तर हाच रस्ता आहे.

पोट्टा_वणीचा

ताई, तुमचं एकदम सोळा आने खरं हाय.

हिशोबनीस

मी अमरावतीला अर्थशास्त्र शिकवतो. उत्साहावर पाणी ओतायचं नाही, पण हिशोब मांडायला हवा.

अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञ तीस वर्षांहून जास्त काळ हा प्रश्न तपासत आले आहेत. बहुतेकांना एकच गोष्ट दिसली. स्टेडियममुळं शहराचं एकूण उत्पन्न फारसं वाढत नाही. पैसा एका गल्ल्यातून दुसऱ्या गल्ल्यात जातो. जो माणूस बसस्टँडवर चहा प्यायचा तो आता मैदानापाशी पितो. गावाच्या खिशात नवीन रुपया येत नाही.

कर्ज काढून बांधलं तर आणखी वाईट. माँट्रियलनं 1976 च्या ऑलिंपिकसाठी स्टेडियम बांधलं, त्याचं कर्ज फिटायला 2006 उजाडलं. अथेन्समध्ये 2004 नंतर कितीतरी क्रीडांगणं ओस पडली.

शिवाय दिवसांचा हिशोब करा. अमेरिकेतल्या बेसबॉल संघाचे घरच्या मैदानावर एका हंगामात 81 सामने होतात, तरी आसपासची हॉटेलं उरलेल्या दिवसांची चिंता करतात. तालुक्याच्या संकुलात वर्षाकाठी शालेय स्पर्धा, 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, एखादी कबड्डी स्पर्धा. पंधरा दिवस धरा, वीस धरा. उरलेले 345 दिवस तिथं काय होणार, याचं उत्तर ज्या आराखड्यात नाही तो आराखडा मला मान्य नाही.

तरी एक गोष्ट काळी_मातींच्या बाजूची आहे. गावाचा एकूण रुपया तेवढाच राहिला, पण तो बायपासऐवजी लाईनपारला खर्च झाला, तर वस्तीसाठी ते चांगलंच. तुमचा प्रश्न वस्तीचा आहे, तेव्हा हा मुद्दा धरून ठेवा.

दूरवरचा_वऱ्हाडी

हिशोबनीस सर, तुमचं आकडेवारीचं म्हणणं मान्य. पण एक उदाहरण सांगतो, कारण मी तिथं शिकायला होतो. मँचेस्टरचा पूर्व भाग.

तो भाग कापड गिरण्या, लोखंडाचे कारखाने आणि कोळसा खाणीवर वाढलेला. सगळं बंद पडलं. 2002 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी स्टेडियम बांधलं ते जुन्या ब्रॅडफर्ड कोळसा खाणीच्या जागेवर. तुमच्या जिनिंगसारखंच. दोन गोष्टी त्यांनी शहाणपणानं केल्या. स्पर्धा संपल्यावर हे मैदान कोण वापरणार हे आधीच ठरवलं, आणि 2003 पासून फुटबॉल क्लब तिथं खेळायला आला. त्याच परिसरात सायकलिंगचं बंदिस्त मैदान 1994 पासून होतं, तिथं रोज सराव चालायचा. म्हणजे सामना असो नसो, माणसं होती.

पण ट्राम तिथपर्यंत यायला 2013 उजाडलं. स्पर्धेनंतर अकरा वर्षं! मी गेलो तेव्हा ट्रामचं काम चालू होतं. आमचा जुना घरमालक सांगायचा की स्टेडियम झालं तेव्हा वस्तीला कौतुक वाटलं, पण दुकानं उघडायला लागली ती ट्रामच्या थांब्याजवळ.

तेव्हा काळी_माती, रुळावरून पलीकडं जायचा रस्ता कसा आहे ते सांगा.

काळी_माती

दूरवरचा, नेमकं दुखतं तिथंच बोट ठेवलंत. जुन्या फाटकावरून वाट आहे. पावसाळ्यात नाल्याच्या रपट्यावरून पाणी जातं आणि लाईनपार दोन-तीन दिवस तुटतं. शाळेची मुलं घरी बसतात. रपट्याच्या जागी पूल ही मागणी मी शाळेत होतो तेव्हापासूनची आहे.

दूरवरचा_वऱ्हाडी

मग पूल आधी. मैदानाच्या निमित्तानं पूल मिळाला तर अर्धं काम झालं.

बायपासवाला

सगळे एकाच बाजूनं बोलताहेत म्हणून लिहितो. मीही त्याच तालुक्याचा आहे, काळी_माती मला ओळखतात.

बायपासची जागा ई-क्लास आहे. सरकारी. सातबारा स्वच्छ. उद्या काम सुरू करता येतं. जिनिंगची जागा कोणाची? वारसांचं काय, बँकेच्या बोज्याचं काय, कोर्टाचं काय? तो गुंता सुटेपर्यंत आजची दहावीतली मुलं बाप होतील. मंजूर झालेला निधी वेळेत खर्च झाला नाही तर परत जातो, हे तर सगळ्यांनी पाहिलं आहे. माझा मुलगा लांब उडी मारतो. त्याला आज मैदान हवं आहे. वस्तीच्या उद्धाराचा भार त्याच्या मैदानावर कशाला टाकता?

आणि मोकळ्या जागेत पुढं वसतिगृह होईल, पोहण्याचा तलाव होईल. सहा एकरांत काय काय कोंबणार?

निंबाची_सावली

बायपासवाला दादा, तुमची तळमळ खरी आहे. फक्त एवढं सांगा, तुमचा मुलगा पहाटे पाच वाजता पाच किलोमीटर कशानं जातो? तुम्ही गाडीवर सोडता. लाईनपारची मुलगी कशानं जाणार?

भरतीवाला_24

मी कमी लिहितो इथं, पण आज लिहितो.

पोलीस भरतीची तयारी करतो. मैदानी चाचणी 50 गुणांची. 1600 मीटर धावणं, 100 मीटर, गोळाफेक. मुलींना 1600 ऐवजी 800. एकेका सेकंदावर गुण जातात. गावात मैदान नाही म्हणून आम्ही तीस-पस्तीस पोरं-पोरी पहाटे चार वाजता हायवेवर पळतो. डांबरावर पळून पळून नडग्या दुखतात. मागच्या हिवाळ्यात धुकं होतं, माझ्या मित्राला मागून पिकअपनं उडवलं. वाचला, पण पाय आता सरळ होत नाही. त्याची 1600 ची वेळ आमच्यात सगळ्यात चांगली होती.

मला स्टेडियम नको. मोजून आखलेली मातीची धावपट्टी, गोळाफेकीचं वर्तुळ, चार दिवे आणि एक नळ पाहिजे. रोज पहाटे तीस पोरं येतील, संध्याकाळी पन्नास. हिशोबनीस सर, तुमचे 345 दिवस आम्ही भरून देतो.

हिशोबनीस

भरतीवाला, माझा आक्षेप तुम्ही एका वाक्यात खोडलात. तुमच्या मित्राला माझा नमस्कार सांगा.

नागपूरकर_जुना

भरतीवाल्या बाळा, उमेश यादव आठवला. खापरखेड्याजवळच्या वलनीचा, वडील कोळसा खाणीत. त्यानंही पोलीस भरतीचा प्रयत्न केला होता, निवड झाली नाही. पुढं विदर्भाकडून आणि भारताकडून खेळला. पहाटेची ती धाव कुठंच वाया जात नाही.

मुरूम_गिट्टी

मी बांधकामावर सुपरवायझर होतो, मैदानांची कामंही केली. थोडं कामाचं बोलतो.

आठ पट्ट्यांच्या 400 मीटर ट्रॅकला साधारण 177 बाय 93 मीटर जागा लागते, म्हणजे चार एकरांच्या आसपास. सहा एकरांत तो बसेल, पण जागेची लांबी तेवढी हवी. आधी टेप लावून मोजा.

दुसरं, खाली काळी माती असणार. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काही केलं तर दोन वर्षांत मैदान उखळतं. दोन-अडीच फूट माती उकरून काढा, मुरमाचे थर पाणी मारून रोलरनं दाबा, मध्ये किंचित उंचवटा ठेवा, चारही बाजूंनी नाली काढा. नाली नसेल तर बाकीचा खर्च पाण्यात. जिनिंगच्या आवारात मात्र जुना मुरूम असतो, बंड्या उभ्या राहायच्या म्हणून टाकलेला. तुमचं काम त्यामुळं हलकं होऊ शकतं.

सिंथेटिक ट्रॅकचा हट्ट धरू नका. आठ-दहा वर्षांनी तो उखडून नवा घालावा लागतो, तालुक्याला ते पेलत नाही.

आणि कृपा करून ती टिनाची शेडं पाडू नका! जिनिंगच्या शेडला मधे खांब कमी आणि उंची भरपूर असते. कबड्डी, मल्लखांब, कुस्ती, कॅरम, टेबल टेनिस, सगळं आत होईल. मे महिन्यात पारा 45 च्या वर असतो तेव्हा उघड्या मैदानावर सकाळी आठनंतर उभं राहता येत नाही, पावसाळ्यातही तीच गत. शेड असेल तर बारा महिने खेळ चालतो. टिनाखाली उकडतं, म्हणून वरून हवा जायला झरोके उघडे ठेवा आणि पश्चिमेला निंब लावा.

दूरवरचा_वऱ्हाडी

मुरूम_गिट्टी, अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये नेमकं हेच केलं. 1992 साली कॅम्डेन यार्ड्स नावाचं बेसबॉल मैदान जुन्या रेल्वे यार्डावर बांधलं आणि तिथलं रेल्वेचं लांबलचक विटांचं गोदाम पाडलं नाही, मैदानाच्या रचनेतच घेतलं. लोक आजही त्या गोदामाचे फोटो काढतात.

झाडीपट्टीचा_मी

नमस्कार जी. मी गडचिरोलीकडचा, वडसा आमचं जवळचं. तुम्ही सगळे मँचेस्टर सांगून राहिले, मी आमचा शंकरपट सांगतो.

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. शेतात दान, म्हणजे जोड्या पळायची पट्टी, आखतात, एवढंच मैदान. स्टँड नाही, भिंत नाही. पण पट भरला की त्या गावात तीन दिवस हजारो माणसं असतात. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचं नाटक. शेजारच्या चाळीस गावचे पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, भांड्यांची, खेळण्यांची, जिलेबीची दुकानं लागतात. हिशोबनीस सर म्हणतात की नवीन रुपया येत नाही. पटाला येतो जी, कारण पाहुणा बाहेरगावचा असतो आणि मुक्कामाला राहतो.

2014 ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या तेव्हा आमच्याकडं नाटकाचे प्रयोगही कमी झाले, कारण पटाशिवाय गर्दी जमायची नाही. 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, तशी पुन्हा हालचाल सुरू झाली. 2023 ला न्यायालयानं शर्यतींचा कायदाच वैध ठरवला, आणि तेव्हापासून तर गावोगावी उत्साह आहे.

सांगायचं एवढंच की मैदानापाशी रात्रीची करमणूक पाहिजे. तुमच्या जिनिंगमध्ये एक ओटा बांधा, रंगमंचाएवढा. नाटक, भजन, खंजेरी, दंडार, सगळं त्यावर होईल.

पोट्टा_वणीचा

काका, नाटक असलं तं मी दोन दिवस आंधीच येऊन सतरंजी टाकतो. सोबत तर्रीपोहे पाहिजे.

झाडीपट्टीचा_मी

ये बाबू. पण सतरंजी मोठी आण, आमच्या नाटकाला सारी रात लागते.

लाईनपारची_लेक

धागा वाचला. मी लाईनपारचीच आहे, म्हणजे काळी_मातींच्या गावची. आता पुण्याला नोकरी करते, आई-बाबा तिथंच आहेत.

कोणीच एक गोष्ट लिहिली नाही. जिनिंगच्या भिंतीला लागून सत्तर-ऐंशी घरं आहेत. जिनिंगमध्ये मजुरी करायला आलेल्या लोकांची. जागा नझूलची, म्हणजे सरकारी, बहुतेकांकडं पट्टा नाही. नगर परिषद घरटॅक्स घेते, लाईट मीटर आहे, पण कागद नाही. संकुल मंजूर झालं आणि रस्ता रुंद करायचा ठरला की पहिली नोटीस या घरांना येईल. माझी आजी त्या रेच्यांवर सरकी वेचायची. तिच्या घरावरून संकुलाचा रस्ता जाणार असेल तर ती वस्ती सुधारली असं मी म्हणणार नाही.

पुण्यात रोज बालेवाडीवरून जाते. 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी तिथं क्रीडानगरी झाली, तेव्हा ते गाव होतं. आज तिथं उंच इमारती आणि महागडी हॉटेलं आहेत. ज्यांची जमीन होती त्यांना भाव मिळाला. जे मजूर होते, भाड्यानं राहत होते, त्यांना तिथं आज खोली परवडेल का?

आधी पट्टे द्या. मग मैदान करा, मी स्वतः वर्गणी देते.

दूरवरचा_वऱ्हाडी

ताई, तुमची भीती खरी आहे. लंडनमध्ये 2012 च्या ऑलिंपिकसाठी क्लेज लेन नावाची वसाहत पाडली, चारशेच्या वर माणसं तिथून हलवली. बाग सुंदर झाली, पण ती माणसं त्या बागेपाशी परत राहायला आली नाहीत.

काळी_माती

लेक, मी धागा काढताना ही गोष्ट लिहायला हवी होती. ती घरं मी रोज बघतो. माफ कर. पट्ट्यांची मागणी निवेदनात सगळ्यात वर घेतो.

बायपासवाला

हे वाचून मलाही विचार करावा लागला. माझा सातबाऱ्याचा मुद्दा मात्र कायम आहे. जागेची कागदपत्रं कोणी काढली आहेत का?

विसापूरचा_शेजारी

बल्लारपूरजवळ विसापूरला तालुका क्रीडा संकुल आहे. डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा तिथं झाली. देशभरातली मुलं आली होती, चंद्रपूर-बल्लारपूरच्या लॉज भरल्या, ऑटोवाल्यांना आठवडाभर दम घ्यायला वेळ नव्हता. तालुक्याच्या मैदानावर देशपातळीची स्पर्धा होऊ शकते हे डोळ्यांनी पाहिलं. माझी पुतणी त्या मुलींना पळताना बघून घरी आली आणि दुसऱ्या दिवशी बूट मागितले.

नागपूरकर_जुना

ओडिशात राउरकेलाला जानेवारी 2023 मध्ये वीस हजारांवर प्रेक्षकांचं हॉकी स्टेडियम सुरू झालं. मोठं शहर सोडून तिथं का? कारण सुंदरगड जिल्ह्यात गावोगावी हॉकी आहे, बक्षिसाला बोकड लावून सामने होतात. खेळ आधी होता, स्टेडियम नंतर आलं. आपल्याकडं बोकडाच्या जागी कबड्डीला ढाल आणि रोख रक्कम, एवढाच फरक. तुमच्या तालुक्यात कोणता खेळ मुरलेला आहे ते बघा आणि त्याला जागा द्या.

हिशोबनीस

आमच्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळही याच मुद्द्याचं. 1914 साली आखाडा म्हणून सुरुवात. 1936 ला त्यांचा चमू बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये कबड्डी, मल्लखांबाची प्रात्यक्षिकं करून आला. पण त्या परिसरात जी जाग आहे ती शारीरिक शिक्षण शिकायला येऊन राहणाऱ्या मुलामुलींची. पहाटे साडेचारला चहाची टपरी उघडते, दिवसभर खानावळी चालतात, खोल्या भाड्यानं जातात. ही मुलं बाहेरगावची, म्हणजे झाडीपट्टीवाले काका म्हणतात तो नवीन रुपया. तुमच्या दुसऱ्या शेडमध्ये भरतीच्या मुलांसाठी वाचनकक्ष आणि साधी निवासाची सोय झाली तर खेड्यांवरची मुलं लाईनपारला येऊन राहतील. मेस बचत गटाला द्या.

निंबाची_सावली

बचत गटाचं एकदम मनातलं बोललात सर. आमच्या गटानं शाळेच्या क्रीडा महोत्सवात झुणका-भाकर आणि ताक ठेवलं होतं, दुपारपर्यंत भाकरी संपल्या. लाईनपारच्याच बायांना द्या, बाहेरच्या ठेकेदाराला नको.

सोयाबीन_भाव

एक सुचवू का? आठवडी बाजारही तिथंच भरवा. वर्दळीची खात्री.

मुरूम_गिट्टी

मैदानावर बाजार अजिबात नको! पालाच्या खुंट्या, काचा, खिळे, सडका भाजीपाला. एक बाजार झाला की आठवडाभर अनवाणी पळता येत नाही. लग्नाचे मांडव आणि सभांसाठीही नको. एका मैदानावर मांडवासाठी दोनशे खड्डे पाडलेले मी स्वतः बुजवले आहेत.

सोयाबीन_भाव

मैदानावर नाही हो, गेटाबाहेर. जुन्या फाटकापासून गेटापर्यंतच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ओटे. बाजारच्या दिवशी बाजार, बाकी दिवशी चहा-नाश्ता.

मुरूम_गिट्टी

मग चालेल. ओट्यांमागून नाली काढा.

पोट्टा_वणीचा

लाईटबिल कोन भरीन? आमच्या संकुलात खांब हायेत, दिवे हायेत, कनेक्शन कापलं हाय.

भरतीवाला_24

सोलरचे चार खांब पुरतात आम्हाला. पहाटे दोन तास, संध्याकाळी दोन तास.

काळी_माती

तीन दिवस लिहिलं नाही, कारण कामात होतो. मंडळी, जे केलं ते सांगतो.

बायपासवाला आणि मी भूमी अभिलेख आणि तलाठ्याकडं जाऊन आलो. दोघंही सोबत, हे वाचून गावातले लोक चकित होतील. जिनिंगची चार एकर जागा नझूलची निघाली, भाडेपट्टा कधीच संपलेला. उरलेल्या दोन एकरांत वारसांचा वाद आहे, विहीर आणि एक शेड त्यात येतं. म्हणजे चार एकरांवर बोलता येईल, त्या दोन एकरांना हात लावायचा नाही.

काल संध्याकाळी भरतीची पोरं टेप घेऊन आली. बाभळीतून वाट काढत मोजलं. लांबी 148 मीटर. मुरूम_गिट्टी काका, तुमच्या हिशोबानं 400 मीटरचा ट्रॅक बसत नाही.

मुरूम_गिट्टी

नाही बसत. 200 मीटरचा करा, सोबत बाजूनं 100 मीटरची सरळ पट्टी बसते. 1600 ला आठ फेऱ्या. सरावाला काही अडत नाही. सरळ पट्टी उत्तर-दक्षिण ठेवा, सकाळ-संध्याकाळ डोळ्यांवर ऊन येणार नाही.

बायपासवाला

मीही लिहितो. रपट्यावर उभा राहून पाहिलं, पलीकडून मुलं चपला हातात घेऊन येत होती. माझं मत असं झालंय की रोजच्या सरावाचं मैदान लाईनपारला व्हावं. मोठा ट्रॅक आणि तलाव करायची वेळ येईल तेव्हा बायपासची जागा राखून ठेवावी. लांब उडीचा खड्डा मात्र लाईनपारला हवा. वाळू मी देतो.

लाईनपारची_लेक

आईचा फोन आला होता. सांगत होती, काल संध्याकाळी पोरं टेप घेऊन फिरत होती तेव्हा सगळ्या बाया दारात उभ्या होत्या. पट्ट्यांचं निवेदनात आलं का?

काळी_माती

पहिला मुद्दा तोच. दुसरा रपट्याच्या जागी पूल. मग मुलींचा संडास आणि कपडे बदलायची खोली, नळ, चार सोलर दिवे, नाली, मातीचा ट्रॅक, उरलेलं शेड दुरुस्त करून कबड्डीला, बाहेर ओटे. प्रेक्षकांच्या स्टँडचा उल्लेखच केला नाही. झाडीपट्टीवाले काका, रंगमंचाचा ओटा आहे. बुधवारी अकरा वाजता नगर परिषदेत देणार आहोत.

पोट्टा_वणीचा

दादा, सारं बराबर. मी पयल्या दिवशी इचारलं थे राह्यलंच. किल्ली?

काळी_माती

विसरलो नाही. गेटासमोर एक बाबा राहतात, पंच्याहत्तरीच्या पुढचे, रेच्यावर फिटर होते. काल पोरांना आत जायचं होतं तेव्हा त्यांनीच कुलूप उघडलं. जिनिंग बंद झालं त्या दिवशी मालकानं किल्ली त्यांच्या हातात दिली होती, परत न्यायला कोणी आलंच नाही. दर दिवाळीला कुलपात तेल घालतात. निवेदनात लिहिलंय की गेट पहाटे चार ते रात्री नऊ उघडं राहील आणि किल्ली लाईनपारच्याच घरात राहील.

पोट्टा_वणीचा

मंग मी बी येतो बुधवारी. गावाचं नाव खाजगीत धाडा, वणीवरून पयली गाडी कितीची हाय थेबी सांगा.